मदत हवी आहे: गिरगावातल्या जुन्या घराच्या सागवानी खिडक्या आणि काचांची दुरुस्ती स्वतः शिकायची आहे

वाडीतली सून:

नमस्कार मंडळी,

गिरगावात वाडीत आमचं दोन मजली घर आहे, आजेसासऱ्यांनी घेतलेलं. वरच्या मजल्यावरच्या दर्शनी खिडक्या अजून मूळच्याच आहेत. सागवानी चौकट, खालच्या अर्ध्यात फळ्याफळ्यांच्या झडपा, वर काचेची तावदानं आणि त्याही वर निळ्या-पिवळ्या काचांची अरुंद पट्टी. लाकूड खणखणीत आहे. काचा धरून ठेवणारी लांबी (खडू-तेलाची पुट्टी) मात्र पार वाळलीय, नखानं टोकरली तरी ढलप्या पडतात. दोन काचा तडकल्यात, एक तावदान वारा सुटला की रात्रभर वाजतं, आणि एका खिडकीच्या खालच्या आडव्या पट्टीचा कोपरा मऊ लागतोय. पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं.

बघायला आलेले कंत्राटदार म्हणाले, काढून टाका सगळं, अॅल्युमिनियमचं स्लायडिंग बसवून देतो. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता संपलेला आहे. पुढची गंमत ऐका. सुतार म्हणतो काचेचं काम माझं नाही. काचवाला म्हणतो लांबी आता कोण लावतं, सिलिकॉन मारून देतो. रंगारी वॉल पुट्टीची पिशवी घेऊन तयार. तिघांपैकी कोणालाच तावदान खाली उतरवायचं नाहीये!

म्हणून आपणच शिकावं असं ठरवलंय. जुनी लांबी काच न फोडता कशी काढायची? नवी कुठली वापरायची? रंगाचे थर खूप आहेत (तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी काहीतरी), ते घासून काढावेत का? घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. परवानगी लागते का? आणि आत्ता जानेवारीत सुरू केलं तर पावसाळ्याच्या आत होईल?

फुकट सल्लागार:

भावना समजतात, पण हे दर चार वर्षांनी पुन्हा करावं लागणार. अॅल्युमिनियम लावा, मोकळे व्हा.

सुतारपक्षी:

दर चार वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागेल, लांबी नीट बसली तर काही दशकं टिकते. आणि स्लायडिंगची खिडकी उघडून उघडून अर्धीच उघडते, ते मे महिन्यात गिरगावात बसून बघा.

ताई, तुमचं सुरुवातीचं निदान बरोबर आहे, बिघडलीय ती लांबी, खिडकी नव्हे. पण जागेवर लटकत्या खिडकीवर शिकू नका. सगळ्यात लहान तावदान निवडा, ते उतरवा आणि टेबलावर आडवं ठेवून काम करा. बिजागरीच्या स्क्रूची खाच रंगानं बुजलेली असेल, ती टोकदार हत्यारानं कोरून साफ करा. मग स्क्रू आधी किंचित घट्ट दिशेला फिरवा, एकदा कुरकुरला की उलटा. घाई केलीत तर डोकं घासून जातं आणि मग ड्रिल आणावं लागतं. तावदान बाहेर उघडणारं असेल तर उतरवण्याआधी दोरी बांधा, दोरी धरायला आत दुसरा माणूस हवाच. खाली वाडीत माणसं वावरतात. प्रत्येक तावदानाच्या कडेवर पेन्सिलीनं नंबर घाला. जुनी तावदानं दिसायला सारखी असली तरी एकाचं दुसऱ्याच्या चौकटीत बसत नाही.

लांबी काढायला पटाशी-हातोडी नको. कपड्यांच्या इस्त्रीचा वाफेचा स्टीमर असतो ना, तो वापरा. लांबीच्या थोड्या थोड्या भागावर वाफ धरा, मऊ झाली की बोथट पुट्टीपट्टीनं उचला. हीट गन झपाझप काम करते खरी, पण काच एकाच जागी तापली की तडकते, आणि जुना रंग तापवण्याचा धोका वेगळाच. लांबीखाली बारीक खिळे सापडतील, ते पक्कडीनं सरळ ओढा, वाकवू नका. मग काच सैल होते.

आता लाकडातली खाच, म्हणजे जिथे काच टेकते ती. ती पूर्ण साफ आणि कोरडी झाली की टर्पेंटाइननं पातळ केलेल्या जवसाच्या तेलाचा हात द्या, किंवा चपडा लाखेचा. इतक्या वर्षांचं सुकलेलं लाकूड तहानलेलं असतं, ते नव्या लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी वर्षभरात भुगा होते. नवीन लांबी टिकत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी हीच पायरी गाळलेली असते.

लांबी म्हणजे खडूची बारीक भुकटी आणि जवसाचं उकळलेलं तेल, दुसरं काही नाही. पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा, हाताला चिकटायची थांबली की झाली. खाचेत आधी तिचा पातळ थर, त्यावर काच. दाबायचं कडांवर, मधोमध नाही. नवी काच कापून घेताना उंची-रुंदी दोन्ही खाचेपेक्षा साधारण ३ मिमी कमी ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा काचेला जागा लागते. दर चार-सहा इंचांवर बारीक खिळा, आणि मग बाहेरून तिरकी लांबी. तिची वरची कड आतून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषेच्या जरा खालीच थांबवा, म्हणजे खोलीतून बघताना लांबी दिसत नाही. काचेवर तेलाचा डाग राहतो, त्यावर थोडी भुकटी टाकून मऊ ब्रशनं झाडा.

लांबीवर साय (वरचा पातळ सुका थर) धरायला एक ते तीन आठवडे लागतात. त्यानंतर ऑइल पेंट, आणि ब्रश मुद्दाम काचेवर दोन मिमी चढवा. त्या दोन मिमीनंच पाणी आत शिरायचं थांबतं. सगळे नेमकं तिथेच मास्किंग टेप लावून सरळ रेष काढतात.

वॉल पुट्टी सिमेंटची असते. लाकूड हलतं, ती हलत नाही, पहिल्याच पावसात फट. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि पुढच्या वेळी काच न फोडता काढणं फार अवघड जातं.

(धागा वाचणाऱ्या लोखंडी खिडकीवाल्यांसाठी: लोखंड तेल शोषत नाही, तुमची लांबी वेगळी लागते. ही वापरू नका.)

दोन पोरांची आई:

रंगाबद्दल कोणीतरी जोरात सांगायला हवं म्हणून लिहिते. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिसं विषारी असतं, ते त्यात आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच नाही. फवाऱ्यानं ओलं करा आणि ओलंच खरवडा. खाली जाड प्लास्टिक, तोंडावर कापडी नाही तर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याच्या वरचा मास्क. नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं. मुलगा त्या खोलीत नको, आणि तुमचे कामाचे कपडे त्याच्या कपड्यांबरोबर धुवायला नकोत. जो रंग घट्ट धरून आहे तो काढायचा हट्टही सोडा, सुटलेला तेवढा काढा.

पितळी कड्या-बिजागऱ्या पाण्यात उकळल्या की रंग सालीसारखा सुटतो. मात्र भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही.

आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

माहीमचा नकाशेवाला:

परवानगीचं: महापालिकेच्या वारसा यादीत तुमचं घर किंवा वाडी आहे का ते आधी बघा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे आणि खोताच्या वाडीसारख्या अख्ख्या वस्त्याही यादीत आहेत. यादीत असाल तर वॉर्ड ऑफिसात आधी विचारा आणि कामापूर्वीचे फोटो काढून ठेवा. त्याच लाकडात, त्याच आकारात दुरुस्ती करणं वेगळं आणि दर्शनी भागाचं रूप बदलणं वेगळं, अडचण सहसा दुसऱ्यात येते.

आणखी एक. काचवाला 'मजबुतीसाठी' ५ मिमी काच देईल, घेऊ नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीमागे अडीच किलो. ३ मिमीला साडेसात किलो, ५ मिमीला साडेबारा. तो फरक जुन्या बिजागऱ्यांवर लटकतो.

वाडीतली सून:

बापरे, केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. स्टीमर घरात आहे, मास्क मागवले. दोन प्रश्न राहिले. मऊ कोपऱ्याचं काय करू? आणि तडकलेल्या दोनांतली एक काच निळी आहे. साध्या काचाही जरा लहरी दिसतात, त्यातून समोरची गॅलरी किंचित वाकडी दिसते. सासूबाई म्हणतात काच शंभर वर्षांत खाली ओघळते, म्हणून.

सुतारपक्षी:

सासूबाईंना नमस्कार, पण काच ओघळत नाही. जुनी काच बनवण्याच्या पद्धतीमुळेच असमान असायची. सपाट फ्लोट काच इंग्लंडात १९५० च्या दशकात तयार झाली, ती आपल्या बाजारात त्यानंतरची. त्यामुळे लहरी काचा जपा. त्या पुन्हा कापताना सहज फुटतात. तडकलेलीही टाकू नका. तुकडा मोठा असेल तर वरच्या लहान चौकटीत चालून जाईल, कापायला अनुभवी हात शोधा.

निळीसाठी तुकडा बरोबर घेऊन चोर बाजारात फिरा, फोटोवर रंग जुळत नाही. तंतोतंत नाही मिळाली तर मागच्या खिडकीतली निळी काच पुढे आणा आणि नवी मागे लावा.

कोपऱ्याआधी एक करा. खिडकीच्या खालच्या पट्टीच्या बुडाशी बाहेरून बोट फिरवा. एक लांबलचक बारीक खाच लागायला हवी. पट्टीखालून आत ओघळणारं पाणी तिथे तुटतं आणि थेंब खाली पडतो. गुळगुळीत लागलं तर खाच रंगानं बुजलीय, आणि तुमचा कोपरा त्यामुळेच कुजलाय.

मऊ भागात स्क्रू ड्रायव्हर टोचा, कडक लाकूड लागेपर्यंत मोजा. तेवढा भाग तिरका कापून जुन्या सागाचं ठिगळ बसवायचं, रेषा जुळवून. जुना साग ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरवाल्यांकडे मिळतो. साग स्वतःच तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी दोन्ही बाजू अॅसिटोननं पुसा आणि इपॉक्सी वापरा. हे ठिगळाचं काम सुताराला द्या, तो हो म्हणेल, यात काच नाही.

वाडीतली सून:

आत्ता बोट फिरवून आले. खाच होती, रंगानं काठोकाठ भरलेली. मऊ कोपऱ्याच्या बरोबर खाली चार बोटं तर पूर्ण सपाट. पट्टी ओली करून जुन्या चावीनं कोरली तर हिरवा रंग दोरीसारखा निघाला. (मास्क लावून!)

सुतारपक्षी:

मग आधी सगळ्या खिडक्यांच्या खाचा मोकळ्या करा, ते काम आज फुकटात होतं. लहान तावदान फेब्रुवारीत, ठिगळ मार्चपर्यंत, आणि शेवटचा रंग १५ मेच्या आत, कारण त्यानंतर हवेतल्या दमटपणानं लांबीवर साय धरायला आणि रंग सुकायला फार वेळ लागतो. एका वेळी एकच तावदान उतरवा आणि भोकाला प्लायवूड लावा, नाहीतर कबुतरं राहायला येतील. पहिल्या तावदानाचा लांबी भरल्यावरचा आणि रंगाआधीचा फोटो इथे टाका, कोपऱ्यांचा जवळून.