८ मार्चचा पुरस्कार नेमका कुणाला?

भिंगवाली:
मी एका विद्यापीठात शिकवते. नाव लिहीत नाही, अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. आमच्याकडे ८ मार्चला 'परिसरातील महिलांच्या प्रगतीसाठी भरीव योगदान' असा पुरस्कार देतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. यंदा तो एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळाला. मानपत्रात कारण दिलं होतं: सॅनिटरी नॅपकिनचं यंत्र बसवलं. यंत्र खरंच बसवलंय. लेडीज रूमच्या बाहेर आहे आणि त्यावर दिवाळीपासून 'बंद आहे' असा कागद चिकटवलाय. मंचावर नऊ खुर्च्या, त्यांतल्या सात पुरुषांच्या.

आमच्या मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि अभ्यासिका मात्र रात्री अकरापर्यंत उघडी. म्हणजे अभ्यासिका कुणासाठी, ते कळलंच. रेक्टर मॅडमनी दोन वर्षं पत्रं लिहून ती वेळ साडेनऊवर आणली. त्याआधी फाटकावरच्या मावशी प्रॅक्टिकल लांबलेल्या मुलींना आठ वाजता आत घ्यायच्या आणि रजिस्टरात '६.५५' लिहायच्या. कुठल्याच मानपत्रात या दोघी नाहीत. असले पुरस्कार बंद करावेत असं माझं मत झालंय. तुमचं?

खडूफळा:
सात पुरुष होते म्हणून काय बिघडलं? महर्षी कर्वे पुरुषच होते ना? १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, १९५८ ला भारतरत्न मिळालं. तेव्हा कुणी खुर्च्या मोजत बसलं नाही. आता देशात उच्च शिक्षणात मुली जवळपास निम्म्या आहेत. तरी दरवर्षी ८ मार्चला तेच रडगाणं.

भिंगवाली:
@खडूफळा, कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्याच गावच्या मुरुडकरांनी शाल नव्हती पांघरली, वाळीत टाकलं होतं. भारतरत्न ६५ वर्षांनी. मला पुरुषाला पुरस्कार मिळाल्याचं दुःख नाही. त्या माणसानं कशाची किंमत मोजली, एवढंच विचारतेय. आणि मुली निम्म्या आहेत हे खरं, पण २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात दर १०० पुरुष शिक्षकांमागे स्त्री शिक्षक ७७. खुर्च्या मोजल्याशिवाय हे कसं कळणार?

फायलींचा_राजा:
अहो, नॅक येतंय, कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था! त्यांच्या निकषांत लिंगसमानतेसाठी काय केलं ते दाखवायचं असतं, फोटो लागतात. यंत्र चालतं का ते फोटोत दिसत नाही. विषय संपला.

लीड्सचा_पाऊस:
इथे ब्रिटनमध्ये २००५ पासून 'अथेना स्वान' नावाचा स्त्री-पुरुष समानतेचा पुरस्कार आहे. तो माणसाला नाही, विभागाला किंवा विद्यापीठाला मिळतो: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. आधी आपलेच आकडे काढायचे. अर्ज किती बायकांचे, बढती किती जणींना, बाळंतपणाच्या रजेनंतर किती टिकल्या. मग आराखडा द्यायचा आणि काही वर्षांनी पुन्हा परीक्षा. २०११ मध्ये सरकारनं वैद्यकीय संशोधनाचा काही निधी सिल्व्हरशी जोडला, तेव्हा झोपलेले विभाग खडबडून जागे झाले. २०२० मध्ये ती अट काढली, कागदपत्रांचा बोजा फार म्हणून. आता गंमत ऐका. तो बोजा वाहिला कुणी? आमच्या विभागात अर्ज भरायला दोन बायका बसल्या, संशोधनाचे पेपर लिहायचे सोडून. तरी मी म्हणेन, मानपत्रापेक्षा हे बरं. भारतातही याच धर्तीवर २०२० मध्ये 'गती' सुरू झालं, पहिल्या टप्प्यात ३० संस्था.

गणिताचा_मास्तर:
पुरस्कार बंद करा म्हणणं सोपं आहे. माझी बायको ग्रामीण कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. मुलींच्या घरी जाऊन 'बारावीनंतर लगेच लग्न नको' असं आईबापांना समजवायची. स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलनं. एका वर्षी विद्यापीठाचा असलाच पुरस्कार मिळाला. स्मृतिचिन्ह प्लास्टिकचं, नावात चूक. पण ज्या संस्थाचालकांना तिचं नाव माहीत नव्हतं ते 'मॅडम' म्हणायला लागले. आणि उशिरा घरी आली की तोंड फिरवणारे माझे वडील तो फोटो पाहुण्यांना दाखवायचे. तुम्हाला शाल-श्रीफळाची टर उडवावीशी वाटते, कारण तुमचं त्यावाचून अडलं नाही.

भिंगवाली:
हे लागलं. 'बंद करावेत' मागे घेते. पण मग निवड कोण करतं ते सांगा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या तेव्हा 'मुली घेत नाही' म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटून बसल्या, मग वर्षभर पारखून बघू या अटीवर घेतलं. त्या वर्षी असा पुरस्कार असता आणि आमची समिती असती, तर तो मुलीला प्रवेश दिल्याबद्दल रामन यांनाच मिळाला असता.

खडूफळा:
रामनचं वाक्य आवडलं, मान्य. पण ते रजिस्टर? आठला आलेल्या मुलीची वेळ ६.५५ लिहायची हा सरळ खोटा रेकॉर्ड आहे. उद्या वाटेत त्या मुलीला काही झालं असतं तर? कागदावर ती वसतिगृहात! शोधायला कुणी गेलंच नसतं. यावर विद्यापीठानं पुरस्कार द्यायचा? दोन मुलींचा बाप म्हणून विचारतोय.

भिंगवाली:
मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच मावशींचं नाव मीसुद्धा कधी सुचवलं नाही. पण खरी वेळ लिहिली असती तर तीन लेट मार्कांनंतर घरी फोन जायचा, आणि आमच्याकडच्या निम्म्या मुलींच्या घरून दुसऱ्या दिवशी बॅग भरायला माणूस आला असता. तेव्हा तुम्ही काय लिहिलं असतंत?

खडूफळा:
मी खरी वेळ लिहिली असती. बरोबर केलं असतं का, माहीत नाही.

स्कॉलरशिपवाला:
मधेच घुसतो. महाराष्ट्रात २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. तरी आमच्या ओळखीच्या एका कॉलेजनं 'आधी भरा, मग परत मिळेल' म्हणून सांगितलं. तिथल्या खिडकीवरच्या क्लार्कनं मुलीच्या वडलांना शासन निर्णयाची झेरॉक्स हळूच हातात दिली. पुरस्कारासाठी माझं मत त्या क्लार्कला.

टीवाय_केमिस्ट्री:
मॅम, 'बंद आहे' कागदावरून ओळखलं तुम्हाला 🙈 कुणाला सांगत नाही. समितीनं आम्हाला कधीच विचारलं नाही, विचारलं असतं तर वसतिगृहातल्या सगळ्या पोरींनी एकच नाव लिहिलं असतं. मावशी मेअखेर रिटायर होतायत. आम्ही वर्गणी काढतोय, साडी घ्यायची ठरलीय.

भिंगवाली:
साडी नको गं. मी परवा विचारलं, गुडघ्याचा पट्टा हवाय म्हणाल्या, चांगल्या कंपनीचा. माझे पाचशे धर.

खडूफळा:
माझेही पाचशे. रजिस्टरबद्दलचं मत तेच आहे.