'ट्रेल' म्हणजे ओढणं की माग काढणं?

पाटील काकू, बी-302: मुलांच्या वर्कशीटमध्ये 'इंडिया ट्रेल इंग्लंड बाय 120 रन्स' असं वाक्य आहे. डिक्शनरीत मात्र ट्रेलचा अर्थ 'जमिनीवरून ओढणे'. शब्द दोन वेगळे आहेत का?

जोशी सर, ए-204: एकच आहे, काकू. मूळ अर्थ ओढण्याचाच. झग्याचा घोळ जमिनीवर लोळतो तेही ट्रेल. जे ओढलं जातं ते मागे राहतं, म्हणून 'पिछाडीवर असणे'. ओढल्याची खूण जमिनीवर उमटते, म्हणून 'माग काढणे'. आपले 'माग' आणि 'मागे' हे दोन्ही 'मार्ग'मधूनच निघाले, तसंच हे.

पाटील काकू, बी-302: मग इथे 'इंग्लंडचा माग काढला' असं लिहिलं तर?

जोशी सर, ए-204: चूक. 'बाय' आणि पुढे आकडा आला की पिछाडी समजायची. 'पोलीस ट्रेल्ड द कार' इथे आकडा नाही, पाठलाग आहे. आणि 'इंडिया ट्रेल' हेही बरोबर. ब्रिटिश वळणात संघ अनेकवचनी धरतात, म्हणून 'ट्रेल्स' नाही.

कुलकर्णी ताई, सी-101: शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यामागे लॅटिन 'ट्रॅगुला', म्हणजे ओढायचं जाळं. दोरीच्या फासाने फेकायच्या भाल्यालाही तेच नाव. त्याचं नातं बहुधा 'ट्रॅहेरे', म्हणजे ओढणे, या धातूशी. ट्रॅक्टर, ट्रेन, अ‍ॅट्रॅक्ट ही त्याच धातूची मंडळी. त्यातही ट्रेन हा शब्द रेल्वेच्या कितीतरी आधीचा, झग्याच्या लोळणाऱ्या शेपटासाठी वापरला जायचा! सिनेमाचा ट्रेलरही सुरुवातीला चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून ते नाव.

शहा भाई, बी-504: शेअरमधला ट्रेलिंग स्टॉपलॉस यातलाच ना?

जोशी सर, ए-204: हो. स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की शेअर विकायची आधीच दिलेली सूचना. ट्रेलिंग असेल तर ती पातळी चढत्या भावामागे ओढली जाते. 500 चा शेअर, अंतर 20 रुपये ठेवलं तर स्टॉप 480 वर. भाव 540 झाला की स्टॉप ओढला जाऊन 520. भाव पडला तर तो खाली येत नाही, तिथेच थांबतो. अंतर फार कमी ठेवलं तर किरकोळ चढउतारातच शेअर विकला जातो.

कुलकर्णी ताई, सी-101: काकू, मुलांकडून स्पेलिंग घोटवून घ्या. ए आधी, आय नंतर म्हणजे ट्रेल. आय आधी आला की ट्रायल, आणि त्याचा अर्थ खटला किंवा चाचणी. स्पेलचेक ही चूक पकडत नाही, कारण शब्द दोन्ही खरे आहेत.