अनुभव धागा: पाचवी ते आठवीच्या वर्गात काय चालतं, काय फसतं

या जूनमध्ये माझ्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली. सगळी सहावी-सातवीच्या गणितात, जिल्हा परिषदेच्या शाळांत. पहिलीच्या बाईंचं गावात कौतुक असतं, दहावीच्या सरांचा निकाल पेपरात येतो. मधल्या वर्गांना कोणी विचारत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत 'सातवी फायनल' पास झालेल्या माणसाला मान होता, तेवढाच काय तो या वर्गांचा थाट. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक म्हटलं आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरला. पण त्या ३५ जणांच्या डोक्यात अकरा ते चौदा या वयात काय चाललेलं असतं, त्याचा जीआर निघत नाही.

म्हणून हा धागा. शिक्षक, पालक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. सल्ले नकोत, प्रसंग लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर फारच बरं. शाळेचं आणि मुलांचं नाव घालू नका.

सुरुवात माझ्यापासून. पूर्वी मी गणित फळ्यावर घालून एकेकाला सोडवायला बोलवायचे. सहावीतला एक मुलगा खडू हातात घेऊन नुसता उभा राहिला. खडूचे तुकडे करत राहिला, त्याचे तीन झाले. मी 'बस खाली' म्हटलं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताटल्या धुताना नळावर त्याने आपणहून बरोबर उत्तर सांगितलं. मग फळ्यावर का नाही लिहिलंस? तर म्हणाला, "सगळे बघत्यात, बाई."

चौथीतलं पोर चुकलं तर बाईंकडे बघतं. सहावीतलं मागच्या बाकाकडे बघतं. हे मला नऊ वर्षं शिकवल्यावर कळलं.

तेव्हापासून लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या करते. गावात पत्रिकांना तोटा नाही. प्रत्येकाने उत्तर लिहायचं, नाव घालायचं नाही. गेल्या वर्षी १/२ + १/३ दिलं होतं. ३८ चिठ्ठ्यांपैकी २३ वर २/५. वर एक, खाली दोन. वर एक, खाली तीन. वरच्यांची बेरीज, खालच्यांची बेरीज. मी तेच उत्तर फळ्यावर मोठं लिहिलं आणि विचारलं, हे ज्याने काढलं त्याने कसा विचार केला असेल? हात वर करायला कोणाची हरकत नव्हती, कारण ते कोणाचंच उत्तर नव्हतं. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, अर्धी भाकरी होती, त्यात आणखी घातली. मग अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?" पाच मिनिटं वर्गात नुसता कालवा. छेद समान करणं त्यानंतर शिकवलं, आणि ते शिकवावं लागलं असं वाटलंच नाही.

यात दहा-बारा मिनिटं जातात. पस्तीस मिनिटांच्या तासात ती परवडत नाहीत. केंद्रप्रमुख आले की माझा अभ्यासक्रम मागे असतो, आणि मी ऐकून घेते.

मराठीच्या शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा:

बाई, खडूचे तुकडे वाचून पोटात कालवलं. माझा गुन्हा याहून मोठा. एक मुलगा पाचवीत परिपाठात कविता म्हणायचा, खणखणीत. सातवीत प्रकट वाचनाला उठेना. मला वाटलं, माज आला. उभं करून वाचायला लावलं. दुसऱ्याच ओळीत आवाज चिरकला, मग एकदम खाली घोगरा गेला. वर्ग फुटला हसून. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते. आवाज फुटतोय हे आईला, मावशीला, सगळ्या गल्लीला कळलं होतं, फक्त मराठीच्या बाईंना कळलं नव्हतं. त्याने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही.

आता सहावीच्या पुढे एकट्याने उठून वाचन नाही. जोडीने बसून एकमेकांना वाचून दाखवायचं, मी बाकांमधून फिरत ऐकते. वर्गात गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात. राहू देत.

शिक्षणसेवक, दुसरं वर्ष:

मी उलट बाजूने फसलो. डी.एड.ला ऐकलं होतं की मुलांशी मैत्री करा. पहिल्याच दिवशी सातवीला सांगितलं, मला दादा म्हणा. दोन आठवड्यांत "दादा, गाडी कितीला घेतली?", "दादा, लग्न कधी?" आणि भूगोलाच्या तासाला मागे अंताक्षरी. एके दिवशी माझा ताबा सुटला, टेबलावर हात आपटून ओरडलो. शांतता झाली. पुढच्या बाकावरची मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, "तुम्ही दादा आहात का सर आहात, ते एकदा ठरवा ना."

स्टाफरूममध्ये एकाने छडीची आठवण काढली. ती कायद्याच्या कलम १७ नेच बंद आहे, आणि मला तशीही नको होती. निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी मात्र कामाचं सांगितलं: नियम थोडे ठेव, पण सकाळचा नियम दुपारी बदलू नको. आता तीनच नियम आहेत. दुसरा बोलत असताना बोलायचं नाही, कोणाच्या घरावरून-अंगावरून चिडवायचं नाही, काम अर्धं झालं असलं तरी दाखवायचं. तिसरा वर्गानेच सुचवला. मला आता सर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

धागाकर्ती:

सर, तो तिसरा नियम मी ढापतेय. 'पूर्ण झाल्यावर दाखवीन' म्हणणारी वही वर्षभर दिसत नाही.

तेव्हाचा विद्यार्थी, आता पुण्यात नोकरी:

खासगी शाळा, सातवी. फी थकलेल्यांची नावं वर्गात वाचायचे, उभं राहायला लागायचं. त्या महिन्यात काय शिकवलं ते आठवत नाही. इतिहासाच्या सरांनी यादी हातात घेतली, नजर फिरवली आणि म्हणाले, आज चष्मा विसरलो. त्यांना चष्मा नव्हताच. इतिहासात मला कायम चांगले मार्क पडले.

विज्ञान शिक्षिका, गोवा:

आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोंकणी, आणि पाचवीत आलं की बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. म्हणजे आधीच मूल नव्या शाळेत, दर विषयाला नवा टीचर, आणि त्यात भाषाच बदलते. चौथीत पहिली आलेली मुलं पाचवीत माठ ठरतात.

एक मुलगी दिवाळीपर्यंत गप्प. पालकसभेत बाबा म्हणाले, घरात ही ऐकत नाही इतकी बोलते. 'इव्हॅपोरेशन'वर मी प्रश्न दिला होता, तिचं पान कोरं. मी म्हटलं, मनात ज्या भाषेत येतं त्या भाषेत लिही. तिने मराठीत पाऊण पान लिहिलं. आजोबांचं मिठागर आहे. खाडीचं पाणी आत कसं घेतात, कुठल्या कप्प्यातून कुठल्या कप्प्यात सोडतात, आणि आभाळ आलं की मीठ धरत नाही म्हणून आजोबा कसे चिडतात. शेवटची गोष्ट पुस्तकात नाही. ऊन आणि वारा बाष्पीभवनाला का लागतो ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नव्हतं. नाव शिकवायला एक मिनिट लागलं.

तेव्हापासून पाचवीत पहिलं उत्तर घरच्या भाषेत, दुसरं इंग्रजीत. सहामाहीपर्यंत तरी. पालकांतून तक्रारी येतात, "आम्ही इंग्रजीसाठीच घातलंय ना?" त्यांचंही चुकत नाही.

शिक्षक, बीड जिल्हा:

मिठागरावरून आठवलं. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो आणि मार्च-एप्रिलला परततो. गावात हंगामी वसतिगृह आहे, पण धाकटी भावंडं सांभाळायला मोठं मूल लागतंच. असा एक मुलगा सातवीत मार्चअखेर आला. संकलित परीक्षा तोंडावर. मागे बसला, वही नाही. मी शेकडेवारी घेत होतो, बँकेचं व्याज, मुद्दल, तेच ते. त्याचं लक्ष खिडकीबाहेर.

मी गणित बदललं. एका कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीने, ८० हजार उचल (आगाऊ रक्कम) घेतली. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात. टनाला अमुक दर. उचल फिटायला किती दिवस लागतील? वर्गाने भागाकार केला. हा मागून म्हणाला, "सर, खाडा धरला नाही." पाऊस आला, गाडी मोडली, बाई आजारी पडली की खाडा. शिवाय किराण्याचे पैसे मुकादम आधीच कापतो. त्याला पुढे बोलावलं नाही, तिथूनच सांग म्हटलं. तो सांगत गेला, मी फळ्यावर लिहीत गेलो, वर्ग मान वळवून मागे बघत होता. मान वळवून बघण्यातही फरक असतो.

पेपरात तो काठावर आला. आठवीला हायस्कूल शेजारच्या गावात आहे. जून-जुलैत होता. दिवाळीनंतरचं मला माहीत नाही.

पालक, न्यू जर्सी:

इथे सहावीपासून मिडल स्कूल. दर तासाला पोरांनीच वर्ग बदलायचा, शिक्षक सहा-सात. आमच्या चिरंजीवांना पहिले पंधरा दिवस गणिताची, इंग्रजीची कसली भीती नव्हती. लॉकरचं आकडी कुलूप सगळ्यांसमोर उघडलं नाही तर, एवढीच होती. आम्ही घरी तसलंच कुलूप आणून रात्री सराव केला. शाळेतली कामाची गोष्ट म्हणजे दहा-बारा मुलांमागे एक शिक्षिका, रोज सकाळी थोडा वेळ भेटतात, विषय काही शिकवत नाहीत. त्यांना लॉकरचं माहीत होतं.

विज्ञान शिक्षिका, नाशिक:

आठवी. आमच्या शाळेत पाळीबद्दल बोलायचं म्हणजे मुलांना मैदानावर काढायचं आणि मुलींना दार लावून सांगायचं. मुलं खिडकीशी. पुढे आठवडाभर चिडवाचिडवी. तीन वर्षांपूर्वी मी दोघांना एकत्र बसवलं, आधी पालकांना बोलावून सांगितलं. बुटाच्या खोक्याला फट पाडून ठेवली, तीत प्रश्न टाकायचे. मला वाटलं होतं, आचरट चिठ्ठ्या येतील. आल्या, चार. बाकी एकवीस खऱ्या. एक पेन्सिलीने लिहिलेली: "सगळ्यांचा आवाज फुटला माझा नाही फुटला मला काय रोग आहे का." कोल्हापूरच्या बाई, तुमचं वाचताना हीच आठवली. हसणाऱ्यांतही असा एखादा असणार.

शिक्षक, नगरपालिका शाळा, सहावी:

मला अनुभव नाही, अडचण आहे. एक मुलगा तीन आठवडे पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपतो. उठवलं की वर्ग हसतो. वही कोरी. काय करावं?

धागाकर्ती:

वर्गात उठवू नका. सुट्टीत एकटा असताना, रात्री किती वाजता झोपतोस, एवढंच विचारा. 'का झोपतोस' नको.

शिक्षक, नगरपालिका शाळा, सहावी (दुसऱ्या दिवशी):

विचारलं. पहाटे तीनला वडिलांबरोबर भाजी मार्केटमध्ये गाड्या उतरवायला जातो. सातला परत, साडेसातला शाळा. पहिला तास गणिताचा, माझाच. मुख्याध्यापकांशी बोललो, सोमवारपासून पहिल्या तासाला चित्रकला आणि गणित चौथ्या तासाला. चित्रकलेच्या बाईंना सांगून ठेवलंय. वडिलांना आज संध्याकाळी भेटतोय. मार्केटमध्येच या म्हणाले.