मदत हवी आहे: ‘ब्लू’ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, जुन्या केंब्रिजमधल्या विद्यार्थिजीवनावर लेख लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. ऑक्सफर्डविरुद्ध खेळणाऱ्याला ‘ब्लू’ हा मान, म्हणजे विद्यापीठाच्या रंगाचा कोट घालायचा हक्क, मिळे. केंब्रिजचा फिकट निळा, ऑक्सफर्डचा गडद. रणजितसिंहजींना तो 1893 मध्ये क्रिकेटसाठी मिळाला. पण ‘त्यांना निळा मिळाला’ असं लिहिलं की रंगपेटी आठवते! ‘मानाचा निळा कोट’ कसं वाटतं? मला जरा लग्नातल्या आहेरासारखं वाटतंय.

दुसरं म्हणजे, 1883 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ‘फूटलाइट्स’ नाट्यमंडळात सुरुवातीला बायकांच्या भूमिका मुलगेच करत. तिथे ‘स्त्रीपार्ट’ चालेल, की वाचकाला थेट बालगंधर्वच दिसतील? जुन्या क्रीडालेखनात कुणी काही वाचलं असेल तर सांगा. तळटीप नकोय, वाक्यातच बसायला हवं.