शनिवार-रविवार चिखलदरा करून थकवा जातो का? मला तरी नाही वाटत

वर्धारोडकर:
ऑफिसात सगळे एकच बोलून राहिले, खूप झालं यार, दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊ, फ्रेश होऊन येऊ. मला हे पटत नाही. नागपूरहून अमरावती, परतवाडा करत सव्वादोनशे किलोमीटरच्या वर गाडी हाणायची, तेवढंच परत, पावसाळ्यातला वीकेंड असला तर वर गर्दीच गर्दी, अन् खिशात टीमचा ग्रुप वाजतच असतो. सोमवारी माणूस जांभया देत बसतो. सुट्टीवरच्या संशोधनातही दिसलंय की सहलीचा फायदा परत आल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो. त्यापेक्षा दर रविवारी फोन बंद करा, सकाळी सेमिनरी हिल्सला चालून या, दुपारी मस्त झोपा. डोक्यातून काम उतरणं महत्त्वाचं.

गाविलगड:
दोन दिवसांचं बरोबर बोलला भाऊ, पण मग पाच दिवस जा न! रजा आहे, घेते कोण? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा वेगळी, ती ४५ पर्यंत साठते. लोक साठवत राहतात बस. मेळघाटात आत गेलं की रेंज जाते, पहिल्या दिवशी हात सारखा खिशाकडे जातो, तिसऱ्या दिवशी फोन कुठं ठेवला तेही आठवत नाही. घरी बसून हे होतच नाही बाप्पा, सिलेंडरवाला येतो, सोसायटीची मीटिंग निघते, कोणाचं तरी लग्न असतंच.

महालची सून:
रविवारी घरी आराम म्हणजे नक्की कोणाचा? सकाळी पोहे, दुपारी सगळे घरी आहेत म्हणून दोन भाज्या, चारला चहा, संध्याकाळी परत 'आज काही चमचमीत कर न'. बाहेरगावी बॅगा मलाच भराव्या लागतात हे खरं, पण तिथं सकाळी उठल्या उठल्या आज भाजी कोणती हा विचार डोक्यात येत नाही. माझ्यासाठी आराम तोच आहे.

इतवारीवाला:
रजेचे कायदे नोकरीवाल्यांचे. पाच दिवस शटर पाडलं तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते अन् मग तिकडचंच होते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाते, दुपारी रस्त्यावर कोणी नसते, तेव्हा मी अर्धं शटर ओढून कुलरसमोर पडतो. रोजचा तेवढा तासभर मिळाला तर संध्याकाळी गिऱ्हाइकावर खेकसत नाही मी. रोज थोडं थांबा, माझं मत वर्धारोडकरच्या बाजूने.

वर्धारोडकर:
ताई, रविवारी चूल पण बंदच पाहिजे, नाहीतर त्या रविवारला अर्थ नाही. तर्री पोहे बाहेरून आणायचे, दुपारी नवऱ्याने खिचडी टाकायची. गाविलगड, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अन् हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. हा आठवड्याच्या तासांचा हिशोब आहे, तू पाच दिवस जंगलात राहून आला अन् उरलेलं वर्ष तसंच घासत बसला तर काय फायदा?

गाविलगड:
तास माझ्या हातात असते तर बोललोच नसतो. सातला लॅपटॉप मिटतो म्हटलं तर साडेनऊला अमेरिकेचा कॉल, अन् रविवारी फोन बंद ठेवला तर सोमवारी सगळ्यांसमोर विचारतात. अर्ज टाकून मंजूर झालेल्या रजेत निदान कोणी कॉलवर बोलवत नाही. माझ्यासारख्याला तेवढीच मोकळी जागा आहे, ती मी नाही सोडणार.

महालची सून:
खिचडीचं मान्य. पण डाळ कोणत्या डब्यात आहे, कुकरच्या किती शिट्ट्या करू, हे विचारायला तो दर पाच मिनिटांनी येणार असेल तर मी चिखलदऱ्याच्याच बाजूने.