'बोबडं' नेमकं कोणाला म्हणायचं?

अंगणवाडी सेविका, पारोळा तालुका : जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या लेकरांची माहिती भरतेय. 'बोलणे' या रकान्यात अडलेय. एक पोरगा डोळ्याला 'डोया', शाळेला 'शाया' म्हणतो. एका गुरुजींनी सांगितलं, बोबडा लिहा. एक पोरगी कावळ्याला 'तावया' म्हणते. तिसरा 'म-म-माय' असं अडकतो. तिघंही बोबडेच का?

धुळेकर : ताई, पहिला अजिबात बोबडा नाही. तो अहिराणी बोलतोय! आपल्याकडे ळ चा य होतोच : केळी-केयी, काळा-काया. लेवा बोलीतही तेच, बहिणाबाईंचं 'वढाय' म्हणजे वढाळच. बोबडं म्हणजे वयापरत्वे जिभेला अजून न बसलेला उच्चार. त्याच्या घरी माय-आजीही 'डोया'च म्हणत असतील, तर लेकरानं घरची भाषा बरोबर उचललीय. पुस्तकातला ळ तो शाळेत ऐकून शिकेल. त्याला आजारी ठरवणाऱ्या गुरुजींचा मला राग येतो, पण असो.

खरी गंमत 'तावया'त आहे. त्यातला य अहिराणीचा आणि त बोबडा! क च्या जागी त येणं साधारण चार वर्षांपर्यंत ओसरतं. सहाव्या वर्षीही राहिलं असेल, तर आधी कान तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या लेकराचे उच्चार कच्चे राहू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवा. 'रस्ता'चा 'लस्ता' होत असेल तर मात्र लगेच घाबरू नका, र फार उशिरा बसतो.

चोपड्याचे निवृत्त शिक्षक : तिसरा तोतरा. आपल्या भागात घोटाळा होतो तो हिंदीमुळे. सीमेपलीकडे सेंधवा-बऱ्हाणपूरकडे 'तोतला' म्हणजे आपला बोबडा, आणि अडखळणाऱ्याला ते 'हकला' म्हणतात. त्यामुळे इथंही काही घरांत दोन्हींना एकच शब्द वापरतात. तोतरेपण बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि पुष्कळांचं आपोआप जातं. पण बोलताना चेहरा ताणला जात असेल किंवा लेकरू बोलणंच टाळत असेल, तर वाचातज्ज्ञाकडे न्या. 'नीट बोल' म्हणून टोकू नका.

(भीतीनं 'बोबडी वळते' ती मोठ्यांची. तिचा इथं संबंध नाही.)

यावलची आजी : सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे पुढचे दोन दात पडतात, मग वरचे. वरचे पडले की तोंडाचं बोळकं होतं आणि 'स' फुसफुसतो. त्यालाही लोक बोबडं म्हणतात. नवे दात आले की बहुतेकांचं जातं. ते कशाला लिहायचं कागदावर?

अंगणवाडी सेविका : मग पहिल्याच्या रकान्यात 'घरची भाषा अहिराणी, उच्चार स्पष्ट' लिहिते. माझी एक मैत्रीण धडगावला आहे. तिच्याकडची पावरी बोलणारी पोरं शाळेत आली की बरेच दिवस तोंडच उघडत नाहीत. त्यांना काय म्हणायचं?

धुळेकर : काहीच नाही. नवी भाषा कानावर पडते तेव्हा लेकरं आधी ऐकून घेतात. ती घरी पावरीत धडधड बोलतात का, एवढं मायला विचारायला सांगा. बोलत असतील तर रकान्यात 'पावरी बोलतो' लिहावं.