विंटर बिगोनिया भित्री मालिका आहे का?

नेपथ्यवाली

'चिनी मालिका सुचवा' या धाग्यावर काल एकाने विंटर बिगोनियाचा निकाल दोन ओळींत लावला: "सेन्सॉरच्या भीतीने प्रेमाची दोस्ती केली. उरले फक्त भरजरी कपडे, ४९ भाग फुकट." तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मूळ कादंबरीत स्त्री-पार्ट करणारा नट शांग शीरुई आणि चेंग फेंगताई या दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि मालिकेत ते 'जिवलग' झालेत, हे मान्य. पण समलिंगी नातं टीव्हीवर दाखवायचं नाही हा नियम तिथे २०१६ पासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि मालिका २०२०ची. दोन ओळी लिहिणाऱ्याला त्यापलीकडचं काही दिसलंच नाही, याचा मला राग आला.

या मालिकेतलं खरं प्रेम शीरुईचं जिंगजूवरचं, म्हणजे पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्यावरचं आहे. फेंगताई पडला पाश्चात्त्य वळणाचा व्यापारी. त्या गाण्याशी त्याचं काही देणंघेणं नसतं. त्याचा कान हळूहळू तयार होतो. रसिक घडताना इतक्या सबुरीने दाखवणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

आणि भरजरी कपडे? स्त्री-पार्ट रंगवायचा तर आधी डोक्याला पट्टी करकचून आवळतात, म्हणजे भुवया आणि डोळ्यांचे कोपरे वर ओढले जातात. मग केसांच्या बटा लाकडाच्या ताशीव सालींच्या चिकट पाण्यात भिजवून कपाळावर आणि गालांवर बसवतात, तेव्हा पुरुषी जबडा झाकून चेहरा निमुळता होतो. पट्टी फार आवळली तर भोवळ येते, मळमळतं. सैल राहिली तर प्रयोगात सगळा साज घसरतो. हे माहीत असलं की रंगपटातले प्रसंग वेगळेच दिसतात.

उलटतपासणी

त्या दोन ओळी माझ्या. मागे घेत नाही.

नियम ठाऊक होता ना? मग नेमकी तीच कादंबरी का उचलली? त्या जोडीचे चाहते हवे होते म्हणून. चाहते घ्यायचे आणि त्यांना ज्यासाठी बोलावलं ते द्यायचं नाही, याला मी भित्रेपणाच म्हणतो. दिग्दर्शक चेन कायगेने १९९३मध्ये याच जिंगजूच्या दुनियेवर 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' केला. चीनमध्ये त्याच्यावर बंदी आली, कात्री लागली, तरी त्याने जे म्हणायचं ते म्हटलं. कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं.

नेपथ्यवाली

तो सिनेमा होता, ही मालिका आहे. तुमच्या हिशेबाने २०२०मध्ये तिथे कुणी काही बनवायलाच नको होतं.

तिसरी घंटा

प्रेम-दोस्ती राहू द्या. माझी तक्रार शेवटच्या भागांबद्दल आहे. १९३७मध्ये जपान्यांनी बेइपिंग (म्हणजे आजचं बीजिंग) घेतलं आणि मालिका देशभक्तीच्या भाषणांत वाहून गेली. खरा इतिहास किती साधा! स्त्री-पार्ट करणारा मोठा नट मेइ लानफांग, त्याने हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडल्यावर मिशी वाढवली. मिशी असली की स्त्री-पार्ट करता येत नाही, विषय संपला. तसाच दुसरा नट चेंग यानचिउ तर बेइपिंगबाहेर जाऊन शेती करू लागला. एक शब्द न बोलता जपान्यांना दिलेला नकार. आपल्याकडे बालगंधर्वांनी १९११मध्ये मुलगी गेली त्याच दिवशी 'मानापमान'चा प्रयोग केला. ही माणसं कलेला वाहिलेली होती.

आलापिनी

हेच वाक्य मला ऐकवत नाही. 'कलेला वाहिलेली' म्हणून म्हणून आपण काय काय खपवून घेतलं! बेइपिंगच्या फुलिएनचेंग या जिंगजूच्या शाळेत (१९०४ ते १९४८) एका मुलाची चूक झाली की सगळ्या वर्गाला छड्या बसायच्या. मुलांना करार करून तिथे सोपवायचे, वर्षानुवर्षं घर सुटायचं. स्त्री-पार्ट करणाऱ्या पोरांच्या पायांना लाकडी टाचा बांधून विटेवर उभं करायचे, त्या काळच्या चिनी बायकांच्या बांधलेल्या पायांची चाल यावी म्हणून. मालिकेतही मार आहे, पण तो अशा संगीतावर दाखवलाय की मारणाऱ्याचंच कौतुक वाटावं.

मी गाणं शिकत होते. तंबोऱ्याची जवारी नीट लागली नाही म्हणून गुरुजींनी माझ्या बोटांवर पट्टी मारली. आई म्हणाली, "मोठे कलाकार असेच असतात." वर्षभरात गाणं सुटलं. आजही तंबोरा ऐकला की हात आपोआप मागे जातो.

तिसरी घंटा

ताई, तुमच्याबाबतीत वाईट झालं. पण मा लिएनलियांग, तान फुयिंग हे जिंगजूचे मोठे नट त्याच शाळेतून आले. तो रियाज नसता तर ते झाले असते का? आमच्या वडिलांनीही पखवाजासाठी मार खाल्ला आणि गुरूंचं नाव घेताना ते कान पकडत.

आलापिनी

जे मोठे झाले त्यांची नावं तुम्ही सांगताय. ज्यांचे गुडघे गेले, पळून जाताना सापडले, आवाज फुटल्यावर जे हमाली करू लागले, त्यांची नावं कोण सांगणार? वडिलांनी कान पकडले म्हणून मार योग्य ठरत नाही.

तिसरी घंटा

माझ्या वडिलांना मध्ये आणू नका.

आलापिनी

तुम्हीच आणलंत!

नेपथ्यवाली

दोघंही थांबा. शीरुईचा सगळा आडमुठेपणा त्या मारातूनच आलाय, हे मालिका दाखवते. थोरली गुरुभगिनी लग्न करून रंगभूमी सोडते, ते तो वर्षानुवर्षं माफ करू शकत नाही, कारण रंगभूमीबाहेर जगणं असतं हेच त्याला कुणी शिकवलेलं नाही. संगीताबद्दल आलापिनीचं म्हणणं पटलं, ते प्रसंग पार्श्वसंगीताशिवाय जास्त खरे झाले असते.

उलटतपासणी

गुरुभगिनीचा धागा चांगला आहे, एवढं देतो. ते दृश्य मीही दोनदा पाहिलं. पण मग जिचं चुकलं काहीच नव्हतं, त्या फेंगताईच्या बायकोला इतकं कजाग का लिहिलं? नवरा रोज रात्री नाट्यगृहात, युद्ध दारात, मुलं घरात. दोस्तीच होती म्हणता, तर मग तिचा जळफळाट कशावर होता? यावर कुणीतरी उत्तर द्या.

आलापिनी

याचं उत्तर मलाही हवंय.